गुन्ह्याच्या थिअऱ्या आणि गेटवरची झडती

आमच्या गिरणीत पाळी सुटली की गेटवर झडती होते. रांगेत उभं राहायचं, डबा उघडून दाखवायचा, खिसे उलटे करायचे, हात वर धरायचे. वॉचमन आपल्याच गल्लीतला, पण त्या वेळी तो तोंडाकडे बघत नाही. बघायचं काय, तर सुताची एखादी कोकडी नाहीतर कापडाचा तुकडा कोणी नेत नाही ना. आठ तास साच्यावर उभा राहिलेला माणूस घरी जाताना अर्धा मिनिट चोर असतो. साहेबाची गाडी सलाम घेऊन तशीच जाते. मागे एका गिरणीत कामगारांच्या पगारातून फंड कापला आणि तो भरलाच नाही. जुन्या पीनल कोडच्या ४०५ कलमाच्या खुलाशात हा सरळ विश्वासघाताचा गुन्हा म्हणून लिहिलेला आहे. पण त्यासाठी कोणी कोणाला हात वर करायला सांगितलं नाही.

ह्या झडतीला कोणी थिअरी म्हणत नाही. माझ्या मते ती थिअरीच आहे. गुन्हा कोण करतो ह्याचं उत्तर रांग लावणाऱ्याने आधीच देऊन टाकलेलं असतं, मग तपासणी होते.

हे सांगायचं कारण असं की आपल्या अभ्यासवर्गात वकिली शिकणाऱ्या एका मित्राने ‘माणूस गुन्हा का करतो’ ह्या विषयावर दीड तास मांडणी केली. मेहनतीची मांडणी होती. फळ्यावर नावांची रांग लागली : बेक्कारिया, लोम्ब्रोसो, बोंगर, मर्टन, सदरलँड, बेकर, हिर्शी. शेवटी मित्र म्हणाला, थोडक्यात सांगायचं तर गरिबी हेच मूळ. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी जाता जाता मात्र काहीतरी खटकायला लागलं, म्हणून त्याच्या वह्या मागून नेल्या आणि लायब्ररीत बसलो. मी कॉलेज केलेलं नाही. माझं काही चुकत असेल तर मित्रांनी पुढच्या अंकात बिनधास्त झोडपावं.

बेक्कारियाबद्दल माझी तक्रार नाही. इटलीच्या ह्या माणसाने १७६४ साली लिहिलं की माणूस नफा-तोटा बघून गुन्हा करतो, म्हणून शिक्षा क्रूर नको, पण ती चुकणार नाही अशी हवी. आणि कबुलीसाठी छळ करणं बंद करा. एवढं साधं म्हणणं. ठाण्यातल्या पट्ट्याला ते अजून कळलेलं नाही.

खरा मुक्काम करायचा तो लोम्ब्रोसोपाशी. हा तुरीनचा डॉक्टर. कालाब्रिया ह्या दक्षिणेकडच्या गरीब मुलखातला विलेल्ला नावाचा एक कैदी मेला, त्याची कवटी ह्याने उघडली. मागच्या बाजूला एक खळगा दिसला आणि ह्याला वाटलं, सापडलं ! गुन्हेगार हा जन्मजात असतो, मागे राहिलेला आदिमानव असतो, त्याचा जबडा, त्याचे कान, त्याचं कपाळ बघून तो ओळखता येतो. १८७६ साली त्याचं पुस्तक आलं. आता बघा, इटली एक झाली १८६१ साली, आणि एक झाल्याबरोबर उत्तरेचे लोक दक्षिणेच्या लोकांना रानटी, दरोडेखोर म्हणायला लागले होते. म्हणजे डॉक्टरने कवटी उघडली तेव्हा उत्तर त्याच्या खिशात होतं. गेटवरच्या वॉचमनसारखंच.

गोरिंग नावाच्या इंग्लंडच्या तुरुंगातल्या डॉक्टरने तीनेक हजार कैदी मोजले, त्यांची बरोबरी इतर लोकांशी केली, आणि १९१३ साली सांगितलं की असली काही वेगळी जात कैद्यांत सापडत नाही. शास्त्रात लोम्ब्रोसो तिथेच निकालात निघायला हवा होता. पण कवटी अजून तुरीनच्या म्युझियममध्ये आहे. विलेल्लाच्या गावाने ती परत मागायला कोर्टात दावा लावला, शेवटी म्युझियम जिंकलं. लोम्ब्रोसोचा स्वतःचा सांगाडाही त्याच्याच इच्छेवरून तिथे ठेवलेला आहे. फरक एवढाच की त्याने इच्छा लिहून ठेवली होती, विलेल्लाला कोणी विचारलं नव्हतं.

आपला मित्र म्हणाला की ‘लोम्ब्रोसोच्या थिअरीचा परिणाम म्हणून आपल्याकडे क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आला.’ इथे मी त्याला अडवतो. तारखा बघा. कायदा १८७१ चा, पुस्तक १८७६ चं. कायदा पाच वर्षं आधी ! मग इंग्रजांना ही अक्कल कुठून आली ? बिल मांडताना जो युक्तिवाद झाला तो वाचला तर घाम फुटतो. त्याचा मतलब असा, की ह्या देशात जातीप्रमाणे धंदे चालतात, विणकराचा पोरगा विणकर, सुताराचा सुतार ; तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या गुन्हे करणारीही जात असणारच, आणि ते लोक जातीनेच गुन्हे करतात म्हणून सुधारणार नाहीत. म्हणजे साहेबाने कवटी मोजली नाही. त्याला मोजायची गरजच पडली नाही. वर्णव्यवस्थेने मोजून ठेवलेलंच होतं, त्याने त्यावर फक्त सही केली.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढा. चांडाळाने गावाबाहेर राहावं, प्रेतावरचे कपडे घालावेत, फुटक्या भांड्यात खावं, हे आपल्याला पाठ आहे. त्याच्याच पुढे आहे : रात्री त्यांनी गावात-नगरात फिरू नये, दिवसा कामासाठी फिरायचं तर राजाने ठरवून दिलेल्या खुणा अंगावर घेऊन. आता १८७१ चा कायदा आणि त्याच्या पुढच्या १९११, १९२४ च्या आवृत्त्या बघा. नाव रजिस्टरात, हाताचे ठसे, हजेरी, गाव सोडायचं तर परवाना. कागद बदलला, शाई बदलली, हुकूम तोच. १९११ पासून हा कायदा आपल्या मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, कंजारभाट, भामटा अशा जमातींची पोरं पाळण्यातच गुन्हेगार झाली.

मनूबद्दल आणखी एक गोष्ट आहे, आणि ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही, कारण पलीकडचे लोक ती आपल्या तोंडावर फेकतात. आठव्या अध्यायात चोरीची सजा शूद्राला आठपट, वैश्याला सोळापट, क्षत्रियाला बत्तीसपट आणि ब्राह्मणाला चौसष्टपट सांगितलेली आहे. ‘बघा, तुमचा मनू किती न्यायी !’ असं ते म्हणतात. मग त्याच अध्यायात पुढे वाचा : ब्राह्मणाने सगळी पापं केली तरी राजाने त्याला मारू नये, त्याचं धन त्याच्याजवळ ठेवून, इजा न करता देशाबाहेर घालवावं. आणि शूद्र द्विजाला वाईट बोलला तर जीभ छाटावी. चौसष्टपटीचा हिशोब कागदावर, जिभेचा हिशोब अंगावर. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी हे पुस्तक उगीच जाळलं नाही.

ह्या सगळ्यात गिरणी कुठे येते ते सांगतो. सोलापूरला गुन्हेगार म्हणवल्या गेलेल्या जमातींची सेटलमेंट होती, तारेच्या कुंपणातली. तिथली माणसं कापडाच्या गिरण्यांत कामाला जायची. सरकारला त्यांना ‘सुधारायचं’ होतं आणि मालकाला पळून न जाणारा मजूर हवा होता. दोघांची गरज एका तारेने बांधली. गुन्ह्याच्या थिअरीतून मजूर कसा निघतो हे मला कुठल्याच वहीत सापडलं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, म्हणून हा दिवस विमुक्त दिन. पण १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केलाच, आणि रजिस्टर पुन्हा उघडलं. तुरुंगाच्या मॅन्युअलांत झाडूकाम कोणत्या जातीने करायचं, कोणत्या जमातीच्या कैद्यावर जास्त नजर ठेवायची, हे लिहिलेलं होतं. सुप्रीम कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवलं कधी, तर ३ ऑक्टोबर २०२४ ला.

आता येतो आपल्या टाळ्यांकडे. गरिबी हेच मूळ.

डचांचा बोंगर मार्क्सवादी होता. १९०५ साली त्याने मोठा ग्रंथ लिहिला, की भांडवलशाही माणसाला आपमतलबी करते आणि त्यातून गुन्हा निघतो. लोम्ब्रोसोपेक्षा हा हजारपट माणसात असलेला माणूस. पण त्याचं म्हणणं आपल्या मंडळींच्या तोंडी येतं तेव्हा ‘भूक लागली म्हणून चोरी केली’ एवढंच उरतं. हे वाक्य ऐकताना मला माझी आजी आठवते. दुष्काळात चार-चार दिवस तिची चूल पेटली नव्हती, पण दुसऱ्याच्या शेतातलं कणीस तिने मोडलं नाही. उपाशी माणूस चोर असतो असं म्हटलं की आजी चोर ठरते. गेटवरचा वॉचमनही तेच म्हणतो, फक्त तो दया दाखवत नाही आणि आपण दाखवतो.

हिर्शी नावाच्या अमेरिकनाने १९६९ साली प्रश्नच उलटा केला. माणूस गुन्हा का करतो हे विचारू नका, तो का करत नाही हे विचारा. हा प्रश्न मला फार आवडला. आपल्या वस्त्यांना एवढं नागवलं, एवढं हिणवलं, तरी ह्या वस्त्यांनी गावं का जाळली नाहीत ? पण हिर्शीचं उत्तर मला पटत नाही. घरादाराची माया, नोकरीधंद्यातली गुंतवणूक, कामात गर्क असणं, कायद्यावर विश्वास : हे बंध असले की माणूस सरळ राहतो, असं तो म्हणतो. माझ्या आजीला कायद्यावर विश्वास ठेवायला कायद्याने काय दिलं होतं ? ह्या बंधांची परीक्षा मी खाली एका ठिकाणी घेणार आहे.

भुकेचं म्हणणं खोटं आहे असं मात्र मी म्हणत नाही. ते अर्धं आहे. बोंगरच्या दोन हजार वर्षं आधी ते आपल्या धम्मात जास्त नीट सांगितलेलं आहे. दीघनिकायातलं चक्कवत्तिसीहनाद सुत्त वाचा. राजाने सगळं केलं, पण निर्धनाला धन दिलं नाही. गरिबी वाढली, मग चोरी झाली. राजाने चोराला धन दिलं, तेव्हा लोक म्हणाले, चोरी केली की धन मिळतं. मग राजाने मुंडकं उडवलं, तेव्हा लोकांनी शस्त्रं घेतली, आणि चोरीतून खून, खुनातून खोटं बोलणं, असं सगळं घसरत गेलं. बघा कसं आहे : दोष भुकेल्यावर नाही, पहिलं काम न करणाऱ्या राजावर आहे. नंतरचं अनुदानही निकामी आणि नंतरची तलवारही निकामी. कूटदंत सुत्तात उपायही दिलेला आहे, शेतकऱ्याला बी-बियाणं, व्यापाऱ्याला भांडवल, नोकराला पगार. आपल्या अभ्यासवर्गाच्या फळ्यावर सात गोऱ्यांची नावं होती, हे एक सुत्त नव्हतं. ह्यात मित्राचा एकट्याचा दोष नाही, फळा पुसणारे आपण सगळेच होतो.

मर्टनला मी लवकर आटोपतो. १९३८ साली तो म्हणाला, समाज सगळ्यांना श्रीमंतीचं एकच स्वप्न दाखवतो आणि वाट मात्र थोड्यांनाच देतो, मग उरलेले आडवाटेने जातात. अमेरिकेत असेल. आपल्याकडे सगळ्यांना एकच स्वप्न दाखवलंच कुठे होतं ? इथे स्वप्नच वाटून दिलेलं होतं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर लोकांनी ओंजळभर पाणी प्यायलं, तेव्हा ना त्यांचं ध्येय चुकीचं होतं ना वाट. बोले ठरावाप्रमाणे कायदाही त्यांच्या बाजूचा होता. तरी डोकी फुटली त्यांचीच आणि नंतर तळं ‘शुद्ध’ केलं गेलं. मर्टनच्या कुठल्या खान्यात हे बसवणार ?

सदरलँडपाशी मात्र मी टोपी काढतो. दोन गोष्टींसाठी. एक, तो म्हणाला की गुन्हा हा रक्तातून येत नाही, तो जवळच्या माणसांकडून शिकला जातो, एखादं काम शिकावं तसा. काम कसं करायचं हेही आणि त्याचं समर्थन कसं करायचं हेही. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ ला आलं. ते वाचताना सदरलँडचं पटतं. लहान पोराला हात चालवायला शिकवतात, आणि पोलिसांचा मार सोसायलाही शिकवतात. पण ‘उचल्या’त त्याच्यापलीकडचं आहे : शिकवणारा बाप एकटा नाही. हजेरी घेणारा, झोडपणारा, हिस्सा मागणारा पोलीस हाही त्या शाळेचा मास्तर आहे. अमेरिकेच्या प्रोफेसरला जे दिसलं नाही ते लातूरकडच्या एका पोराने लिहिलं. आत्मकथन म्हणून आपण त्याचं कौतुक केलं, थिअरी म्हणून वाचलं नाही.

दुसरी गोष्ट, पांढरपेशा गुन्हा हा शब्दच सदरलँडचा. त्याने अमेरिकेतल्या ७० मोठ्या कंपन्या घेतल्या आणि त्यांच्याविरुद्ध गेलेले ९८० निर्णय मोजून काढले. गरिबी, फुटकं घर, मंदबुद्धी, ह्यातलं काहीच ह्या साहेबांना लागू होत नाही, तरी ते सराईत. १९४९ साली पुस्तक छापताना प्रकाशक घाबरला आणि कंपन्यांची नावं काढायला लावली. नावांसकट पुस्तक निघालं ते १९८३ साली, सदरलँड मेल्यावर तेहतीस वर्षांनी. ठाण्याच्या फळ्यावर पोराचं नाव खडूने एका रात्रीत लिहितात. कंपनीचं नाव छापायला चौतीस वर्षं.

बेकरने १९६३ साली सांगितलं की शिक्का मारला की माणूस गुन्हेगार होतो. आपल्याला हे पटायला पुस्तक लागत नाही. मी फक्त एवढंच म्हणतो, त्याच्या माणसाने आधी काहीतरी केलेलं असतं, मग शिक्का बसतो. आपल्याकडे शिक्का आधी. बाबुराव बागुलांच्या १९६३ सालच्याच कथासंग्रहाचं नाव आठवा : ‘जेव्हा मी जात चोरली होती’. भाड्याच्या खोलीसाठी जात न सांगणं ही इथे चोरी होते, आणि त्या चोरीची सजाही लागलीच मिळते. एकाच सालचं बेकरचं पुस्तक आणि बागुलांची कथा शेजारी शेजारी ठेवून वाचा. कथा पुढे जाते.

आता ती परीक्षा. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा, खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे. गावच्या जमावाने मारले. ह्या गुन्ह्याला फळ्यावरची एकेक थिअरी लावून बघा. जबडा-कपाळ ? चारचौघांसारखं. भूक ? मारणाऱ्यांकडे शेती होती. मर्टनचं अडलेलं स्वप्न ? स्वप्न बघत होती ती शिकणारी मुलगी. हिर्शीचे बंध ? घर, शेत, गाव, देव, सगळे बंध घट्ट. उलट त्या बंधांनीच त्यांना एकत्र बाहेर काढलं. सदरलँड थोडा उभा राहतो, कारण इथे वाईट संगत म्हणजे अख्खं गाव. आणि कोर्टाने काय थिअरी लावली ? एका मारहाणीच्या केसमध्ये ह्या बायकांनी साक्ष दिली त्याचा सूड. २००८ साली शिक्षा झाल्या, पण ॲट्रॉसिटी लागली नाही. २०१० साली हायकोर्टाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षं केली, तिथेही जात दिसली नाही.

कोर्टाचीही थिअरी असते, हे आपण विसरतो. तमिळनाडूत किळवेणमणीला १९६८ साली, तारीख पुन्हा २५ डिसेंबर, ४४ दलित शेतमजूर, बाया-पोरं, एका झोपडीत जाळले. मद्रास हायकोर्टाने जमीनदारांना सोडलं. निकालात म्हटलं होतं की ही श्रीमंत, जमीनजुमलावाली माणसं आहेत, एकाकडे तर मोटार आहे, ती स्वतः चालत जाऊन घरं जाळतील हे पटत नाही. बघा, लोम्ब्रोसोच ! फक्त कवटीच्या जागी मोटार.

हे गुन्हे व्यवस्था मोडणारे नाहीत, व्यवस्था सांभाळणारे आहेत. सगळ्या थिअऱ्या मोडणाऱ्याला शोधतात, म्हणून सांभाळणारा सुटतो. १९३६ साली ‘जातिप्रथेचं निर्मूलन’मध्ये बाबासाहेबांनी ह्याचं उत्तर लिहून ठेवलं आहे. जातीने सार्वजनिक विवेक मारला, माणसाची दया, न्याय, जबाबदारी सगळी त्याच्या जातीपुरती झाली, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ. त्याच भाषणात गुन्हेगार जमातींबद्दलही ते विचारतात, की शेजारी एवढी माणसं त्या अवस्थेत ठेवून हिंदूला लाज कशी वाटली नाही. मला वाटतं, गुन्ह्याची आपली थिअरी इथून सुरू करायला पाहिजे.

पण सुरू केली की ती आपल्या घरातही लागू करावी लागेल. दोन गोष्टी बोलतो, राग आला तरी चालेल. आपल्या काही कवींना वस्तीतल्या दादाचं भारी कौतुक. त्याचा चाकू म्हणजे विद्रोह. अण्णाभाऊंचा फकिरा पुढे करतात. फकिराने दुष्काळात खजिना लुटला, धान्य लुटलं, आणि लोकांना वाटलं. शेवटी आपल्या माणसांना सोडवायला स्वतःला हवाली केलं. आपल्या वस्तीतला दादा हप्ता कोणाकडून घेतो ? भाजीवालीकडून. ठाण्यात त्याचा चहा चालतो. त्याला फकिरा म्हणणं हा अण्णाभाऊंचा अपमान आहे.

दुसरी गोष्ट. आमच्या चाळीत एका बाईला नवऱ्याने पाट्याच्या वरवंट्याने मारलं. ती तक्रार द्यायला निघाली तेव्हा आपल्याच दोन कार्यकर्त्यांनी तिला जिन्यात अडवलं, ‘पोलीस आपले दुश्मन, समाजाची बदनामी होईल’. नवरा पगारदार, शिकलेला, मोर्चात पुढे असणारा. ती बाई मला म्हणाली, “दादा, माझ्या डोक्याला टाके पडले, ती कुणाची बदनामी ?” गरिबीच्या थिअरीत हिच्या नवऱ्याचं नाव नाही. जातीपुरत्या न्यायाच्या थिअरीत आहे, आणि जिन्यातल्या दोघांचंही आहे.

एक शेवटचं, हे कवींसाठी. भामटा हे एका जमातीचं नाव आहे. बेरडही तसंच. मराठीने त्या नावांच्या शिव्या केल्या आणि कोशात घातल्या. कायदा १९५२ ला गेला, शब्द कोणी रद्द केला नाही. आपल्या मागच्या अंकात मंत्र्याला भामटा म्हणणारी एक कविता आहे. वाचनात त्या ओळीला वाहवा मिळाली होती. ती कविता माझी. तीन रात्री तिच्यावर बसलोय. ठक बसत नाही, लुटारू फार सपक वाटतो, चोर म्हणावं तर गेटवरची रांग आठवते. संपादकांना सांगून ठेवलंय, ओळ कोरी सोडून कविता पुन्हा छापा. कोणाला शब्द सुचला तर पोस्टकार्ड टाका.